बत्तिसावी जवारी

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई मला म्हणायच्या, ‘मगदूम, तू नुसते ओठ हलव.’ तरीही मिरजेच्या संगीत विद्यालयात बत्तीस संगणकांवर तंबोरा बसवायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यांना गाणारी नको होती, बसवणारी हवी होती. आणि सॉफ्टवेअर नकाशांचं असो की क्ष-किरण वाचायचं, माझी बसवायची रीत एकच. एक यंत्र नीट तयार करायचं, त्याची हुबेहूब प्रत काढायची आणि ती नेटवर्कवरून बाकीच्या सगळ्यांवर उतरवायची. चाळीस यंत्रं म्हणजे माझ्यासाठी एक यंत्र आणि दोन कप चहा. चौदा वर्षं मी याच रीतीवर पोट भरलं आणि थोडा भावही खाल्ला.

गोष्ट २०३८ सालची. त्याआधी पाच-सहा वर्षं भीमाकाठच्या भोपळ्याच्या वेलांवर असा काही रोग पडला, की तंबोऱ्याला लागतो तेवढा मोठा भोपळा मिळेनासाच झाला. जुने तंबोरे लोकांनी तिजोरीत ठेवावेत तसे जपले. नव्या मुलांनी सूर कशावर धरायचा, हा प्रश्न होता. त्यावर ‘नादघर’ नावाचं सॉफ्टवेअर निघालं. त्यात मुलांनी गावं, चाली रचाव्यात, एकमेकांच्या चाली जोडून पाहाव्यात, आणि प्रत्येकाच्या मागे त्याचा स्वतःचा तंबोरा वाजत राहावा, अशी योजना होती.

हा तंबोरा कुणाच्या तरी जुन्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग नव्हता, आणि खरी गंमत तिथेच होती. खऱ्या तंबोऱ्यात तारा हाडाच्या एका रुंद घोडीवरून जातात. ती घोडी सपाट नसते, किंचित उतरती असते. तार छेडली की थरथरताना ती त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्या टेकण्यातून वरचे बारीक सूर एकामागून एक बाहेर पडतात. कानशीनं घासून तो उतार बेतायचा आणि तारेखालचा सुताचा दोरा केसाएवढा सरकवून नेमकी जागा पकडायची, याला जवारी लावणं म्हणतात. नादघरमध्ये तार, घोडी, भोपळा सगळं गणितात होतं. संगणक क्षणाक्षणाला तार कुठे टेकली ते मोजायचा आणि त्यातून आवाज घडवायचा. घोडी मात्र कोरी यायची. टेबलावर एक छोटा यांत्रिक हात असे, त्याला कानशीची खरी मूठ. ती धरून पडद्यावरची घोडी घासली की हाताला हाडासारखाच विरोध जाणवायचा. बाजूला दोरा सरकवायची बारीक चिमटी.

आणि परवान्याचं कुलूपही याच घासण्यात होतं. पूर्वी परवाना म्हणजे एक आकडा असे. आकडा चोरला की सॉफ्टवेअर चोरलं. मिरजेच्या कारागिरांनी कंपनीशी भांडून वेगळी अट घालून घेतली. प्रत्येक संगणकाची घोडी नोंदलेल्या कारागिरानं स्वतः घासायची. त्याच्या हाताचा दाब, थांबणं, सरकणं यांची जी नोंद होईल, तीच त्या संगणकाची किल्ली. कोपऱ्यातला एक संगणक ‘किल्लीदार’. रोज सकाळी बाकीचे बत्तीस त्याच्याकडे किल्ली दाखवणार, आणि कुठल्याही दोन किल्ल्या सारख्या असता कामा नयेत.

विद्यालयाच्या या संगणक-प्रयोगशाळेचे नोंदलेले कारागीर होते दस्तगीर शिकलगार, वय एकाहत्तर. त्यांची मुलगी मेहरुन माझी वर्गमैत्रीण, मिरजेतल्याच एका दवाखान्यात रक्त तपासायच्या खात्यात. मिरजेत डॉक्टर आणि तंबोरे दोन्हींचा तोटा कधीच नव्हता. आता तंबोऱ्यांचा पडला होता इतकंच. दस्तगीरांना मी लहानपणापासून चाचाच म्हणते.

चाचा रोज सकाळी नऊला यायचे, चपला दाराबाहेर काढून संगणकासमोर मांडी घालून बसायचे. खुर्ची मी तिसऱ्या दिवशी उचलून ठेवली, खाली चटई टाकली आणि यांत्रिक हात बैठ्या मेजावर उतरवला. एका यंत्राला त्यांना एक दिवस लागायचा. घासायचे, तार छेडायचे, डोळे मिटायचे, पुन्हा घासायचे. मी बघत बसायची. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला वाटलं, हा माणूस उगाच वेळ काढतोय. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की जो उतार ते हातानं बेतत होते, तो मोजायला कंपनीचा मापक मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत जात होता, आणि चाचा चुकत नव्हते. त्या दिवसापासून मी त्यांच्या जवळून जातानाही पाय न वाजवता जायला लागले.

अकरावं यंत्र मात्र तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी मेहरुन मला विद्यालयाच्या जिन्यावर गाठून म्हणाली, ‘पद्मे, अब्बांना ऐकू येईना झालंय.’

‘काहीतरीच काय! माझ्याशी बोलतात की.’

‘तू ओरडून बोलतीस. आणि ते तोंडाकडं बघत्यात. कुकरची शिट्टी कळत न्हाई त्यास्नी, पाखरं कळत न्हाईत. दोन वर्षं झाली.’

कानाची नस वाळत चालली होती. वरचे सूर आधी गेले, मग हळूहळू खाली. डॉक्टर कानात एक यंत्र बसवणार होते, ते आवाजाचं विजेत रूपांतर करून थेट नसेला देतं. पण नस जिवंत आहे तोवरच; ती गेली की यंत्र ऐकवणार कुणाला? त्यात आणखी एक मेख होती. त्या यंत्रावर माणसाचं बोलणं कळतं, दार वाजलेलं कळतं, पण तंबोरा पत्र्यावर वाळू ओतावी तसा ऐकू येतो. म्हणून चाचांनी ठरवलं होतं, बत्तीस घोड्या पुऱ्या करायच्या आणि मग कान डॉक्टरांच्या ताब्यात द्यायचे.

‘एकवीस ऱ्हायल्यात,’ मेहरुन म्हणाली. ‘या चालीनं दोन महिने. डॉक्टर म्हणत्यात, या सोमवारी आला तर ठीक, न्हाईतर पुढची तारीख तीन महिन्यांनी, आणि तवर नस बी जाईल, मग बोलणं बी कळायचं न्हाई. माझ्या पोरीचा आवाज त्यांनी धड ऐकला न्हाई अजून. पद्मे, तुझ्या हातात हाय. तू करतीस की तसलं, एकावरनं दुसरं.’

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, यात कुणाचं काय जातंय? सातव्या यंत्राची जवारी सगळ्यात गोड लागली होती. गाण्याच्या सावनूर बाईंनी तसं बोलून दाखवलं होतं. तीच बाकीच्या एकवीस ठिकाणी वाजली तर मुलांचं नुकसान काय? चाचांचंच काम, चाचांचाच हात. गुरुवारी सकाळी मी सातव्याची प्रत काढली आणि एकवीस यंत्रांवर उतरवली. किल्लीदार सारख्या किल्ल्या नाकारणार, म्हणून त्या सगळ्या यंत्रांना नेटवर्कवर सातव्याचंच नाव दिलं. किल्लीदाराला वाटणार, एकच यंत्र पुन्हा पुन्हा हाक मारतंय. कामाला अर्धा तासही लागला नाही, आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या सफाईचं मला कौतुकही वाटलं.

चाचांना मी तोंडावर खोटं सांगितलं. म्हटलं, कंपनीनं नवीन नियम काढलाय, कारागीर आजारी असला तर प्रत चालते. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘कंपनीच म्हनती तर आपण कोण!’ आणि सोमवारच्या ऑपरेशनला तयार झाले. मेहरुननं त्या दिवशी आमच्या घरी खिमा पाठवला. आमच्या घरी खात नाहीत हे ती आनंदाच्या भरात विसरली.

शनिवारी सकाळी चाचणी होती. बत्तीस मुलं बत्तीस यंत्रांसमोर बसली, सावनूर बाई मधे. आवाजाच्या पेट्या भिंतीलगतच्या लांब सागवानी बाकावर ओळीनं मांडलेल्या. बाईंनी खूण केली, सगळे तंबोरे सुरू झाले. मला तर छानच वाटलं. मला काय, मिक्सर सुरात आहे म्हटलं तरी मी मान डोलावली असती. बाई थोडं थांबून म्हणाल्या, ‘आवाज मोठा आहे.’ बस, एवढंच. आणि त्या गायला सुरुवातच करेनात.

चाचा दाराशी बसले होते, मेहरुन त्यांच्याजवळ उभी होती. ते उठून बाकापाशी आले आणि त्यांनी पहिल्या पेटीजवळ लाकडावर तळवा टेकवला. हळूहळू सरकत अकराव्या पेटीपर्यंत गेले; चेहरा निवांत. बाराव्यापाशी हात थांबला. तेरा. चौदा. मग ते थेट बत्तिसाव्यापर्यंत चालत गेले, हात बाकावरून न उचलता.

‘बंद करा,’ ते म्हणाले.

खोली शांत झाली.

‘हा सात नंबर हाय,’ बारावर बोट ठेवून ते म्हणाले. ‘हा बी सात. हा बी. पोरी, मधी लाटच न्हाई.’

तेव्हा मला अर्थ कळला नाही, नंतर कळला. दोन तंबोरे अगदी जवळचे पण थोडे वेगळे असले, की त्यांच्या आवाजाच्या लाटा एकमेकींना कधी उचलतात, कधी दाबतात. त्यातून सगळा आवाज संथ डुलायला लागतो, आणि गाणारा त्या डुलण्यावर बसतो. हुबेहूब सारखे बावीस तंबोरे मात्र फक्त मोठा आवाज करतात. चाचांच्या कानांना वरचे सूर येत नव्हते, पण ते डुलणं लाकडातून हाताला येत होतं. पहिल्या अकरांत होतं, पुढे नव्हतं.

बाईंनी मुलांना बाहेर नेलं. मेहरुन मधे पडली, ‘अब्बा, मी सांगितलं तिला. तिचा दोष न्हाई.’

चाचांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, ‘नियम मोडलास त्याचं काय वाटत न्हाई. कंपनी बघून घेईल. पण तुला वाटलं, म्हातारा भैरा हाय, त्याला काय कळतंय.’

मी रडले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्यांचं अगदी खरं होतं. मला तसंच वाटलं होतं.

‘पुसून टाकते चाचा,’ मी म्हटलं. ‘एकवीसच्या एकवीस आत्ता पुसते. अकरांवर चालू करू.’

त्यांनी मेहरुनला विचारलं, ‘उद्या किती वाजता भरती व्हायचं?’

‘पाचला.’

‘मग हिला सांग, सकाळी आठला कुलूप काढ म्हनावं. आन् पुसू नको काय. माझाच हात हाय की त्यो. आमचे वालिद एका हाडातनं सात-आठ घोड्या कापायचे, सगळ्या सारख्या दिसायच्या. मग एकेक घेऊन येगळी करायचे. एवढंच ऱ्हायलंय यांचं.’

त्या दुपारी मी सगळ्या यंत्रांना त्यांची खरी नावं परत दिली. किल्लीदाराच्या पडद्यावर एकवीस लाल ठिपके उमटले. कंपनीलाही पत्र लिहून सगळं कबूल केलं. उत्तर पुढच्या बुधवारी आलं; ते फार गोड नव्हतं, पण नोकरी राहिली.

रविवारी आठला आम्ही दोघं बाराव्या यंत्रासमोर बसलो. घोडी नव्यानं घासायची नव्हती, नुसती थोडी हलवायची आणि दोरा सरकवायचा; त्या हालचालीची नोंद झाली की किल्ली वेगळी होणार होती. एकाला वीस-पंचवीस मिनिटं, म्हणजे पाचपर्यंत जेमतेम बसत होतं.

‘तू ऐकायचं,’ चाचा म्हणाले. ‘खालचं मी हातानं बघतो. वरचं मला येत न्हाई. वरचं तू सांगायचं.’

‘चाचा, मला? मला कान नाही हो. सावनूर बाईंना बोलावते ना.’

‘बाईंना चांगलं काय ते कळतं. मला चांगलं नको. हलतंय का न्हाई तेवढं सांगणारं माणूस पायजे. आन् तू आता माझ्याशी खोटं बोलायची न्हाईस.’

त्यांनी दोरा सरकवला, सात आणि बारा एकदम लावले. ‘कसं हाय?’

‘छान आहे.’

‘छान कुणी विचारलं? डुलतंय?’

मी ऐकलं. काही कळेना. ते म्हणाले, ‘आवाज ऐकू नको. आवाजाच्या पाठीमागं काय चाललंय ते ऐक. पाळण्याची दोरी कशी कुरकुरती, थांबती, कुरकुरती.’ मी डोळे मिटले. पाच मिनिटं नुसती गुणगुण. मग त्या गुणगुणीच्या वर कुठेतरी काहीतरी पुढे आलं आणि मागे गेलं. पुन्हा पुढे आलं.

‘आलं!’ मी किंचाळले. ‘चाचा, आलं! हललं!’

‘किती वेळानं?’

‘एक… दोन… तीन मोजेपर्यंत.’

‘लई जोरात हाय. गानाऱ्याला गरगरंल.’ त्यांनी दोरा केसभर मागे घेतला. आता सहा मोजावे लागले. बाराचा ठिपका हिरवा झाला, पण त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुपारपर्यंत आठ झाले. त्या आठांत मी जे ऐकलं, ते अडतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. वरचे सूर कसे एकापाठोपाठ येतात, कुठला आधी विझतो, कुठला रेंगाळतो, हे मला कळायला लागलं, आणि ते या माणसानं अंदाजानं, आठवणीनं, बोटांनी घडवलेलं होतं. मी सांगायची, ‘वरचा लवकर जातोय,’ आणि ज्याला तो वरचा ऐकूच येत नव्हता तो माणूस बरोबर तेवढाच दोरा हलवायचा. एकदाही मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मेहरुननं भाकरी आणली, तिच्यासमोर मी म्हटलं, ‘तुझ्या बापासारखा माणूस मी पाहिला नाही.’ चाचांनी माझ्या ओठांवरून वाचलं आणि म्हणाले, ‘खा आता. ठेचा पुढं घे.’

तीननंतर त्यांची बोटं वळायला लागली. मी गरम पाण्याचं पातेलं आणलं. ते हात बुडवायचे, पुसायचे, पुन्हा चिमटी धरायचे. चारला सव्विसावं झालं. मग मात्र त्यांनी असा वेग धरला, की मला ऐकायला दम पुरेना. एकेकाला दहा मिनिटं. पाचला पाच कमी असताना मेहरुन पिशवी घेऊन दारात आली. बाहेर रिक्षा उभी. ‘अब्बा, दवाखान्यातनं फोन येतोय. तिकडं सहानंतर घेत न्हाईत.’

‘शेवटचं हाय.’

बत्तिसावं सातव्याबरोबर लावलं, डुलत होतं. पहिल्याबरोबर लावलं, डुलत होतं. किल्लीदारानं शेवटचा ठिपका हिरवा केला. कंपनीच्या, विद्यालयाच्या, कायद्याच्या दृष्टीनं बत्तीस परवाने पुरे झाले. सव्वापाच वाजले होते. चाचांचा सदरा पाठीला चिकटला होता आणि उजवा हात थरथरत होता.

‘झालं?’ त्यांनी विचारलं.

मी सवयीनं बत्तिसावं बाकीच्यांबरोबर एकेक लावून पाहत होते. एकोणिसाव्याशी आले आणि थांबले. ती दोन्ही डुलत नव्हती. निव्वळ मोठा आवाज. हाताच्या हालचाली वेगळ्या म्हणून किल्ल्या वेगळ्या झाल्या होत्या, पण घाईघाईत चाचांचा दोरा बरोबर त्याच जागी गेला होता, जिथे सकाळी एकोणिसाव्याचा गेला होता.

मेहरुन माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे सरळ सांगत होते, हो म्हण. एकोणीस आणि बत्तीस ही यंत्रं खोलीच्या दोन टोकांना होती. कुलूप उघडलं होतं. चाचांना ऐकू येत नव्हतं, आणि त्यांचा हात आता इतका बधिर झाला होता, की लाकडातलंही कळलं नसतं. जगात हे फक्त मला माहीत होतं, आणि कालपर्यंत मलाही कळलं नसतं.

‘नाही चाचा,’ मी म्हटलं. ‘एकोणीसबरोबर मेलंय.’

मेहरुननं पिशवी जमिनीवर ठेवली आणि डोकं धरून खाली बसली.

चाचा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पातेल्यात बुडवला, पुसला, आणि डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरून चिमटी उचलली. दोरा हलला. मी मोजलं. चार. त्यांनी अजून थोडा हलवला. सात.

‘आता?’

मी एकोणिसाव्याबरोबर ऐकलं, सातव्याबरोबर, अकराव्याबरोबर, एकेक करत एकतीसांबरोबर. मेहरुन पिशवी उचलून उभी राहिली. बाहेर रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला.

‘आता झालं.’

‘नक्की?’

‘नक्की.’

ते भिंतीला धरून उठले. मेहरुननं त्यांच्या पायात चपला सरकवल्या. माझ्या एकदम लक्षात आलं, की उद्यापासून ते हे कधीच ऐकू शकणार नाहीत, थोडंफार उरलंय तेही नाही. मी धावत किल्लीदाराकडे गेले. ‘चाचा, थांबा! बत्तीसही एकदम लावते. एकदा ऐकून जा. हात ठेवा बाकावर. दोनच मिनिटं.’

ते दारात थांबले, वळून माझ्याकडे बघून हसले.

‘तू ऐकलंस न्हवं?’ ते म्हणाले. ‘मग झालं.’

आणि मेहरुनच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरून गेले.